कुणाकुणाच्या हातांनी : प्रस्तावना

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. डोंगरांमधून उतरणारे पाणी पाळ घालून अडवायचे आणि खालच्या बांध्यांना धानासाठी सोडायचे, असे ते काम. त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या आणि पुढे लोकांनी कोलू पाटलांना कोलासूर देव केले. तलावाभोवतीच्या शिखरांना सातबहिणी म्हणतात. त्यांतल्या एका शिखरावर या कोलासुराचे ठाणे आहे आणि तलाव बांधताना या सात बहिणींनीही हात लावला अशी लोकांची श्रद्धा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नवेगावबांध तिकडे गेले. तरी तलावांचा जिल्हा ही भंडाऱ्याची ओळख ज्या माणसांनी घडवली, ती हीच. पाणी अडवणाऱ्याला देवपण देणाऱ्या समाजाला कृतज्ञतेविषयी काहीतरी पक्के ठाऊक होते. ते काय होते, आणि आज आपल्या दिवसात ते कसे आणता येईल, हा या पुस्तकाचा विषय आहे.

कृतज्ञतेच्या रोजच्या सवयीतून सुख मिळते, हे वाक्य आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. सुंदर मुखपृष्ठाच्या वह्या मिळतात, मोबाइलवर आठवण करून देणारी अॅप आहेत, शाळांच्या परिपाठात आणि कंपन्यांच्या शिबिरांत हा विषय येतो. त्यामुळे दोन टोकांचे वाचक तयार झाले आहेत. एकाला हा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय वाटतो, तर दुसऱ्याला पोट भरलेल्यांचा छंद. दोघांनाही या विषयाचा पूर्ण नकाशा दाखवणे गरजेचे आहे, कारण हे क्षेत्र फार जुने आहे, त्यात अनेक विचारधारा आहेत आणि त्यांचे एकमेकींशी खरे मतभेद आहेत.

आरंभी एक साधी व्याख्या हाताशी असावी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स कृतज्ञतेच्या दोन पायऱ्या सांगतात. पहिली, आपल्या आयुष्यात काही चांगले आहे हे मान्य करणे. दुसरी, त्या चांगल्याचा उगम निदान अंशतः आपल्या बाहेर आहे हे ओळखणे. पहिली पायरी चढून थांबले तर हाती समाधान लागते. दुसरी चढल्यावर दुसरा माणूस दिसू लागतो. कुणी धानाचे पऱ्हे उपटले, कुणी रोवले, कुणी बाळंतपण केले, कुणी रात्री वीज जोडून दिली, हे दिसू लागते. या पुस्तकाचा सारा भर दुसऱ्या पायरीवर आहे.

भारतीय विचारात या भावनेची सर्वांत जुनी मांडणी ऋणाची आहे. माणूस जन्मतःच ऋणी असतो, असे वैदिक ग्रंथ सांगतात. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे येतात. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे, माणसांचे ऋण येते आणि ते पाहुण्याला आसरा व अन्न देऊन फेडायचे असते. या मांडणीतली मोलाची गोष्ट म्हणजे तिला रोजच्या कामाची जोड होती. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत अध्ययन, तर्पण, होम, अतिथीचे जेवण आणि प्राणिमात्रांसाठी काढलेला घास या पाचही गोष्टी दररोजच्या होत्या. आपल्या आजीने जेवणाआधी काढलेला गोग्रास त्याच परंपरेतला. या मांडणीची मर्यादाही उघड आहे. ऋण फेडण्याचा अधिकार आणि विधी समाजातल्या थोड्यांच्या हाती राहिले, आणि ज्यांच्या श्रमांवर सगळे चालत होते त्यांची नावे धनकोंच्या यादीत कधी आली नाहीत.

दुसरी मोठी धारा बौद्ध आहे आणि तिच्या खुणा भंडारा जिल्ह्याच्या मातीत आहेत. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा वैनगंगेकाठी प्राचीन स्तूप उजेडात आला. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांच्या नोंदी आहेत. राजाच्या प्रशस्तीइतकीच साध्या उपासकाची नोंदही दगडावर कोरण्याजोगी मानणारी ही परंपरा आहे. पाली ग्रंथांत जगातल्या दोन दुर्मीळ माणसांचा उल्लेख येतो. एक, आधी आपणहून उपकार करणारा. दुसरा, झालेला उपकार ओळखून तो कृतीने दाखवणारा. मंगलसुत्तात कृतज्ञतेची गणना मंगल गोष्टींत केली आहे. ज्या झाडाखाली बसून साधना केली त्या बोधिवृक्षाकडे बुद्धांनी ज्ञानप्राप्तीनंतर सात दिवस अनिमिष नेत्रांनी पाहिले, अशी परंपरा आहे. या धारेत देव मध्यस्थ नाही. उपकार माणसाचा असतो, झाडाचा असतो, आणि तो ओळखणे हा मनाच्या शिस्तीचा भाग असतो.

तिसरी धारा भक्तीची. मराठी संतांनी कृतज्ञता विधीतून बाहेर काढून जिभेवर आणि पायांत आणली. नामस्मरण रोजचे, वारी वर्षाची. तुकाराम महाराज तर दिवाळे निघाले, दुष्काळाने छळले, त्याबद्दलही देवाला बरे झाले म्हणतात. हे बोल फार मोठे आहेत आणि तितकेच सांभाळून वापरायचे आहेत. संकटाबद्दल आभार मानण्याचा अधिकार ते संकट भोगलेल्याला असतो. बाहेरच्या माणसाने तो दुसऱ्याला शिकवू नये. चोखामेळ्यांच्या अभंगांत भक्ती आणि तक्रार शेजारी-शेजारी उभ्या आहेत, आणि त्यामुळे त्यांची भक्ती उणी झालेली नाही. कृतज्ञ माणसाने गाऱ्हाणे मांडू नये, असा नियम आपल्या संतांनी कधीच केला नाही.

विदर्भात या धारेला विसाव्या शतकात सामुदायिक रूप मिळाले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून गावोगाव पोचलेल्या गुरुदेव सेवा मंडळांनी पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा दिनक्रम रुजवला. १९५५ च्या ग्रामगीतेत त्यांनी देवाइतकेच महत्त्व गावाला दिले. झाडूवाला, शेतकरी, शिक्षिका, कारागीर यांच्यामुळे गाव उभे आहे, त्यांची जाणीव ठेवा आणि त्या जाणिवेने कामाला लागा, असा त्या साऱ्या लेखनाचा रोख आहे. रोज ठरलेल्या वेळी, सर्वांनी मिळून, जात न पाहता एकत्र बसण्याची ही सवय आजही भंडाऱ्याच्या अनेक गावांत टिकून आहे. कृतज्ञतेच्या रोजच्या सवयीचे घरचे उदाहरण शोधायचे तर ते हे आहे.

या तीन धारांच्या खाली आणखी एक प्रवाह वाहतो. तो ग्रंथांत सापडत नाही, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या वर्षभराच्या रहाटीत सापडतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. वर्षभर ज्या खांद्यावर जू होते, त्या खांद्यालाच पहिला हात लावायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लहान मुले लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा गोळा करतात, म्हणजे ही जाणीव पोरांच्या हाती खेळ म्हणून येते. दिवाळीच्या पाडव्याला गोवारी समाजाचे गायगोधन. गावाची गुरे वर्षभर राखणाऱ्यांचा तो दिवस. त्यानंतर धान हाती येत असताना गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, रात्री दंडार किंवा नाटक होते. गोंड घरांत नवे धान आधी देवांना आणि पूर्वजांना दिल्याशिवाय तोंडी लावत नाहीत. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात.

या सगळ्यांत तीन गोष्टी समान दिसतात. आभार कुणा एकाच्या नावाने असतात, सगळ्यांच्या देखत असतात, आणि ते हाताने काहीतरी करून व्यक्त होतात. घरात कुणी कुणाला तोंडाने आभार म्हणत नाही. तसे म्हटले तर आपण परके झालो असे वाटते. पण रोवणीला कुणी मदतीला आले तर त्यांच्या रोवणीला आपण जातो. आलेले ताट रिकामे परत जात नाही. तोंडच्या शब्दांच्या कसोटीवर या माणसांना मोजले तर ती कोरडी वाटतील, आणि ते मोजमाप खोटे ठरेल.

माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, या विचाराचा सर्वांत मोठा पुरावा आहेत. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सुमारे सात हजार सांगतात. गोंड राजवटीत कोहळी समाजाने तलाव बांधण्यात नाव मिळवले, आणि जमीन व पाणी यांची एक व्यवस्था उभी राहिली. तलाव, त्याखालच्या बोड्या, पाट आणि बांध्या एकमेकांना जोडलेल्या. ज्यांची शेते भिजत त्यांनी गाळ काढायचा, पाळीची डागडुजी करायची, हा त्या व्यवस्थेचा कणा होता. म्हणजे बांधणाऱ्याची आठवण आणि बांधलेल्याची निगा एकाच कामात होती. या व्यवस्थेत महसूल वसूल करणाऱ्या मालगुजाराची सत्ता आणि वेठही होती, हेही विसरता येणार नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ती संपणे न्याय्यच होते. पण तलाव सरकारी खात्यांकडे गेले आणि निगा राखणारे हात सुटले. गाळ चढला, बेशरमाची झुडपे माजली, देशी मासे कमी झाले. कोलासुराचे ठाणे राहिले, पण त्याने घडवलेले काम अनेक गावांत ओस पडले. अशा काळात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने मासेमारी करणाऱ्या धिवर समाजासोबत तलावांतल्या देशी वनस्पती आणि मासे परत आणण्याचे काम हाती घेतले, तेव्हा कोलू पाटलांचे खरे स्मरण झाले असे मी मानतो. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे: जेवढी निगा राखली जाते, तेवढीच कृतज्ञता खरी, आणि सुख टिकते ते त्या निगेत.

पश्चिमेकडील विचारांचा आढावा थोडक्यात घेऊ. रोमन वक्ता सिसेरो कृतज्ञतेला इतर सर्व सद्‌गुणांची जननी मानतो. सेनेकाने उपकार कसे करावेत, कसे घ्यावेत आणि कसे फेडावेत यावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. अर्थशास्त्रज्ञ म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या अॅडम स्मिथ यांनी १७५९ च्या नैतिक भावनांवरील ग्रंथात कृतज्ञतेला समाज जोडणारी शक्ती म्हटले. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल तिला मानवजातीची नैतिक स्मृती म्हणतात. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये देणगीवर लिहिताना दाखवले की अनेक समाजांत देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच असतात. झाडीच्या रोवणीतली देवाणघेवाण त्यांना लगेच ओळखू आली असती.

आधुनिक मानसशास्त्राने या विषयाकडे उशिरा पाहिले. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ दुःख, भीती आणि विकार यांच्या अभ्यासात गेला. शतकाच्या अखेरीस मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बळाचा अभ्यास पुढे आणला. २००३ मध्ये एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार वाटावे अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक चांगले वाटले. पुढच्या टप्प्यात मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजाराने ग्रासलेल्या प्रौढांनी २१ दिवस रोज नोंदी केल्या. त्यांना झोप चांगली लागली आणि त्यांच्यातला बदल जोडीदारांनाही जाणवला. २००५ मध्ये सेलिगमन यांच्या गटाने रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे आठवडाभर लिहायला सांगितले. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला, विशेषतः ज्यांनी ती सवय स्वतःहून चालू ठेवली त्यांच्यात. जिचे आभार कधी मानले नाहीत अशा व्यक्तीला पत्र लिहून प्रत्यक्ष वाचून दाखवणे हा प्रयोग सर्वांत जोरदार ठरला, पण त्याचा भर लवकर ओसरला.

याच शास्त्राने स्वतःच्या मर्यादाही प्रामाणिकपणे नोंदवल्या आहेत आणि त्या नवशिक्याला आधीच ठाऊक असाव्यात. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा नोंद करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना तो दिसला नाही. तेच तेच लिहिले की मन त्याकडे पाहणे सोडून देते. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या परीक्षणात दिसले की काहीच न करणाऱ्यांपेक्षा कृतज्ञतेचा सराव करणारे बरे, पण दुसरा एखादा मन गुंतवणारा सराव करणाऱ्यांच्या तुलनेत फरक थोडा. नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांवर परिणाम लहानच असतो, असे नंतरच्या परीक्षणानेही सांगितले. म्हणून आजारी मनाला वही देऊन डॉक्टरपासून दूर ठेवू नये. तिसरी गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. अमेरिका आणि दक्षिण कोरिया यांची तुलना केलेल्या एका अभ्यासात आभाराची पत्रे लिहिण्याचा लाभ कोरियन विद्यार्थ्यांना कमी झाला. जिथे उपकाराबरोबर परतफेडीचे ओझेही मनात उभे राहते, तिथे नुसते लिहिणे पुरत नाही. ऋणाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी माणसाला हे सहज पटेल.

या ओझ्याला वाट करून देणारी एक पद्धत जपानमध्ये घडली. बौद्ध परंपरेतून आलेल्या योशिमोतो इशिन यांनी विसाव्या शतकात नाइकान ही आत्मपरीक्षणाची पद्धत रुजवली. तिच्यात तीन प्रश्न असतात. या माणसाकडून मला काय मिळाले? मी त्याला काय दिले? माझ्यामुळे त्याला कोणता त्रास झाला? आईपासून सुरुवात करून एकेका व्यक्तीबद्दल, आयुष्याच्या एकेका टप्प्याबद्दल हे विचारायचे. तिसऱ्या प्रश्नाने कृतज्ञता गोड भावनेपाशी थांबत नाही, ती हिशेबाला बसते. या पुस्तकाने पश्चिमेच्या वहीइतकेच या पूर्वेकडच्या प्रश्नांकडून घेतले आहे.

आता या क्षेत्रातला सर्वांत कठीण प्रश्न. कृतज्ञता मागता येते का? वेठ घेणारा मालगुजार कुळांकडून ती मागत होता. जातीच्या उतरंडीत वर बसलेला खालच्याकडून ती हक्काने वसूल करत होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला देऊन बजावले की कोणीही स्वाभिमान गहाण टाकून कृतज्ञ राहू शकत नाही, आणि कोणतेही राष्ट्र स्वातंत्र्य देऊन कृतज्ञ राहू शकत नाही. थोर माणसांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण त्या कृतज्ञतेला सीमा आहे. पुढे १९५४ मध्ये याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांनी घालून दिलेली सीमा मात्र या जिल्ह्याला विसरता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत दलित कुटुंबाचे जे हत्याकांड घडले, त्यानंतर तर कोणत्याही पुस्तकाने इथल्या पीडितांना आधी न्यायाविषयी बोलू द्यावे, समाधानाविषयी नंतर.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचवली गेली. वाचवणाऱ्यांचे ऋण आणि ज्यांच्यामुळे हे घडले त्यांच्याकडे उत्तरदायित्वाची मागणी, या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात, हे त्या दिवशी जिल्ह्याने अनुभवले. एकीने दुसरीला पुसून टाकू नये. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याने अनेक गावे उठली आणि अनेक शेते भिजली. भिजलेल्या शेताच्या धन्याने उठलेल्या गावाची आठवण ठेवावी, पण उठलेल्या गावाला कुणी आभार मानायला सांगू नये. रोजच्या सवयीचा पहिला नियम हाच: कृतज्ञता वरून खाली मागायची नसते, आणि हक्काच्या जागी ती ठेवायची नसते. रेशनचे धान्य, रोजगार हमीची मजुरी, शाळा, दवाखाना हे नागरिकाचे हक्क आहेत. ते पोचवताना आपल्या कामापलीकडे जाऊन धावणारी आशा सेविका किंवा शिक्षक मात्र आभाराला पात्र आहेत.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एक सुंदर उत्तरही दिले आहे. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून पैसा उभा केला आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी आकाराला आला. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखी माणसे त्या कामाशी जोडलेली होती. जे कार्यकर्ते घरदार पणाला लावून समाजासाठी झटतात, त्यांना समाजाने दरमहा मानधन द्यावे, अशी ती कल्पना. इथे कृतज्ञतेची दिशा उलटी झाली. ज्यांना मिळाले त्यांनी ज्यांच्यामुळे मिळाले त्यांच्याकडे पाहिले, आणि नुसते पाहून न थांबता व्यवस्था उभी केली. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून एका आईचे ऋण साऱ्या भाषेच्या हवाली केले, तीही अशीच कृती. आठवण वैयक्तिक होती, पण तिचे फळ सगळ्यांच्या वाट्याला आले.

मग आजच रोजच्या सवयीची गरज का पडावी? कारण पूर्वी ही सवय पंचांगात होती, आणि ते पंचांग सैल झाले आहे. चिखलणीला ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, पोळ्याच्या तोरणाखाली उभे राहणारे बैल कमी झाले. तरुण मुले नागपूर, पुणे, हैदराबादला गेली आणि मंडईला दोन दिवसांसाठी येतात. तुमसरच्या बाजारात तांदूळ पोत्यांत येतो आणि शहरात पिशवीत पोचतो. भौगोलिक मानांकन मिळालेला भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ पुण्याच्या ताटात वाढला जातो, पण गुडघाभर चिखलात वाकून रोवणाऱ्या बाईचा चेहरा त्या ताटापर्यंत पोचत नाही. त्याच वेळी हातातला फोन दिवसभर दुसऱ्यांच्या घरांची, गाड्यांची, सहलींची चित्रे दाखवतो आणि आपल्याकडे काय नाही याची उजळणी घेतो. वर्षातून सहा-सात वेळा सण येऊन जे काम करून जात, ते आता रोज थोडे थोडे स्वतः करावे लागेल. शास्त्राची वही इथे उपयोगी पडते, आणि झाडीची रीत त्या वहीला दिशा देते.

या पुस्तकाचा प्रयत्न या दोन्ही गोष्टी एकत्र बांधण्याचा आहे. ते वाचकाला आनंदी राहण्याचा हुकूम देत नाही. ते रात्री झोपण्याआधी तीन ओळी लिहायला सांगते. आज मला काय मिळाले, ते कुणाच्या हातून आले, आणि त्याच्या निगेसाठी मी काय करणार. दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. ‘आरोग्य लाभले’ एवढे लिहून ती पूर्ण होत नाही, ज्या परिचारिकेने इंजेक्शन दिले तिचा उल्लेख तिथे हवा. तेच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले तर उद्या दुसरीकडे पाहावे, म्हणजे नजर मोठी होत जाते. रोज जमले नाही तर आठवड्यातून एकदा मनापासून लिहावे, हे अभ्यासांनीही मान्य केले आहे. तिसरी ओळ कागदावर राहू द्यायची नाही. गाळ काढायच्या श्रमदानाला जाणे, म्हाताऱ्या शिक्षकाला भेटून येणे, घरकाम करणाऱ्या बाईंची थकलेली मजुरी देणे आणि रास्त वाढ करणे, ही तिसऱ्या ओळीची कामे आहेत. आणि दुःखाच्या किंवा अन्यायाच्या दिवशी पान कोरे ठेवायची मुभा पुस्तक स्पष्ट शब्दांत देते.

वाचकांपैकी कुणी शेतकरी असेल, कुणी शिक्षिका, कुणी नागपूरला भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा. प्रत्येकाने आपल्या ठिकाणाहून सुरुवात करावी. पुस्तकातली भंडाऱ्याची उदाहरणे ही वाट दाखवण्यासाठी आहेत. कोल्हापूरच्या किंवा कोकणच्या वाचकाला आपल्या गावचा बंधारा, आपली पाणपोई, आपली सावड आठवली तर पुस्तकाचे काम झाले. आधी सिद्धान्त वाचायचे असतील त्यांनी ते वाचावेत. ज्यांना धीर नाही त्यांनी आज रात्रीच तीन ओळी लिहून पाहाव्यात आणि मग पाने चाळावीत. दोन्ही वाटा चालतील.

सुखाविषयी शेवटचे. या क्षेत्रात वावरताना माझी खात्री झाली आहे की सुख थेट पकडायला गेले की निसटते, आणि दुसऱ्याच्या कामाची निगा राखू लागले की ते घरात नांदू लागते. आपण एकट्याच्या बळावर उभे नाही, हे कळणे सुरुवातीला माणसाला लहान करते. थोड्याच दिवसांत ते आधार देऊ लागते, कारण ज्याला आपल्यामागचे हात दिसतात त्याला एकटेपण कमी छळते, आणि कुणाच्या तरी मागे आपलाही हात असावा अशी इच्छा त्याच्यात जागी होते. भंडाऱ्याच्या माणसांनी तलाव बांधले तेव्हा त्यांना माहीत होते की त्यातले बरेच पाणी नातवंडांच्या बांध्यांना मिळेल. त्यांची नातवंडे आपण आहोत. मिळालेले ओळखणे आणि पुढच्यासाठी ते राखून ठेवणे, ही दोन कामे रोज करणारा वाचक या पुस्तकाने घडवावा, एवढी माझी मनापासूनची अपेक्षा आहे.